धुरातील विषाला अटकाव करणारे रसायनशास्त्रज्ञ : फ्रेडरिक कॉट्रेल

तांबे, शिसे, जस्त आदी धातूंची बहुतांश खनिजे गंधकाशी संयोग पावलेल्या स्वरूपात आढळतात. त्यांच्यापासून धातू मिळविण्याची पहिली पायरी म्हणजे भर्जन, अर्थात खनिज न वितळवता हवेच्या सान्निध्यात तीव्र उष्णतेवर भाजणे. या क्रियेत गंधक जळून वायुरूपाने बाहेर पडतो. परंतु तो एकटा जात नाही. खनिजात अत्यल्प प्रमाणात असलेले आर्सेनिक, अँटिमनी, कॅडमियम, सेलेनियम, पारा हे घटकही त्या उष्णतेत उडून जातात आणि शिशाची सूक्ष्म धूळ त्यांच्या सोबतीला असते. खनिजात हे घटक किरकोळ वाटतात. मात्र दररोज हजारो टन खनिज भाजले जात असेल तर धुराड्यातून बाहेर पडणारे विष किरकोळ राहत नाही.

या विषाला धुराड्याच्या आत रोखण्याचा व्यवहार्य मार्ग ज्यांनी प्रथम दाखविला, ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल. भारतातील औष्णिक वीज केंद्रांत ज्या यंत्रणेचा उल्लेख अभियंते ईएसपी अशा संक्षिप्त नावाने करतात, त्या इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरचे ते जनक मानले जातात. चंद्रपूर व कोराडी येथील वीज केंद्रांत कोळशाची राख याच तत्त्वावर वेगळी केली जाते. तथापि, या यंत्राचा जन्म कोळशाच्या राखेसाठी झाला नव्हता, तर गंधकाम्लाच्या एका कारखान्यातील अडचणीतून झाला होता.

कॉट्रेल यांचा जन्म १० जानेवारी १८७७ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. बालवयातच त्यांना छपाई, छायाचित्रण आणि विजेची उपकरणे यांचा नाद लागला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी त्यांनी १८९६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी संपादन केली. त्यानंतर काही वर्षे ओकलंड येथील शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्यांनी परदेशी शिक्षणासाठी पैसा जमविला. १९०० साली ते जर्मनीस गेले. बर्लिन येथे व्हान्ट हॉफ आणि लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड या भौतिकी रसायनशास्त्राच्या दोन अध्वर्यूंचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९०२ साली त्यांना लाइपझिग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. स्थिर विद्युत् अग्रावरील प्रवाह काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो, हे सांगणारे त्यांच्या नावाचे समीकरण याच अभ्यासाचे फळ असून विद्युत्-रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकविले जाते.

मायदेशी परतल्यावर ते बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापक झाले. १९०४ साली जेसी फुल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाच्या तुटपुंज्या वेतनाला जोड म्हणून ते उद्योगांना सल्ला देत असत आणि त्यातूनच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

आम्लाच्या धुक्यातून लागलेला शोध

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या किनाऱ्यावर पिनोल येथे ड्यू पाँ कंपनीचा स्फोटकांचा कारखाना होता. तेथे उत्प्रेरकाच्या साहाय्याने गंधकाम्ल तयार केले जाई. भट्टीतून येणाऱ्या वायूत आर्सेनिक असे आणि ते उत्प्रेरकाला निकामी करीत असे. उत्प्रेरकाचे विषारण या नावाने रसायनशास्त्रात ही घटना ओळखली जाते. या अडचणीवर उपाय शोधताना आम्लाच्या दाट पांढऱ्या धुक्याचा प्रश्न कॉट्रेल यांच्यासमोर आला. धुक्याचे कण इतके बारीक होते की, पाण्यातून वायू नेला तरी ते बुडबुड्यांतून निसटून जात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ते अलग करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. प्रयोगशाळेत तो काही अंशी साधला, पण कारखान्याच्या प्रमाणावर त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

तेव्हा ते विजेकडे वळले. ही कल्पना नवी नव्हती. विद्युत्भारित तारेभोवती धूर निवळतो, असे लाइपझिग येथील होलफेल्ड यांनी १८२४ साली दाखवून दिले होते. इंग्लंडमधील विख्यात भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात याचे स्वतंत्रपणे प्रयोग केले आणि १८८५ साली उत्तर वेल्समधील बॅगिल्ट येथील शिशाच्या कारखान्यात हा उपाय प्रत्यक्ष अजमावूनही पाहिला गेला. तो फसला. हाताने वा इंजिनाने फिरविण्याच्या त्या काळच्या स्थितिक विजेच्या यंत्रांतून कारखान्यास पुरेल एवढी वीज निघत नव्हती. शिवाय शिशाचा धूर विजेला दाद देण्याच्या बाबतीत सर्वांत हट्टी धुरांपैकी एक आहे. लॉज यांच्या प्रयत्नास अपयश आले, ते कल्पनेच्या दोषामुळे नव्हे, तर योग्य साधने अद्याप जन्मास आली नसल्यामुळे.

कॉट्रेल यांच्या वेळेपर्यंत परिस्थिती पालटली होती. प्रत्यावर्ती प्रवाहाची वीज गावोगावी पोहोचू लागली होती आणि रोहित्राच्या साहाय्याने हजारो व्होल्टचा दाब सहज मिळू शकत होता. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सतत बदलते, त्यामुळे कण एका बाजूस ओढले जात नाहीत. ही उणीव कॉट्रेल यांनी रोहित्राच्या तालावर फिरणाऱ्या एका यांत्रिक एकदिशकारकाने दूर केली. उरला प्रश्न विद्युत् अग्राचा. प्रयोग करीत असताना सुती वेष्टन असलेल्या तारेवर अंधारात मंद जांभळी आभा पसरलेली त्यांच्या दृष्टीस पडली. उघड्या तारेपेक्षा कापसाच्या बारीक तंतूंच्या टोकांवरून वीज अधिक सहजतेने व अधिक समप्रमाणात हवेत झिरपत होती. तेव्हा अग्रावर जाणूनबुजून अशी लव ठेवावी, असे त्यांनी ठरविले. पुढे तंतूंची जागा अन्य पदार्थांनी आणि अखेरीस बारीक उघड्या तारांनी घेतली, परंतु प्रारंभीचा अडथळा या लवेनेच दूर केला.

यंत्राचे कार्य समजण्यास सोपे आहे. धूर ज्या नळीतून अथवा पत्र्यांच्या मधून जातो, तिच्या मध्यभागी बारीक तार टांगलेली असते. तारेला उच्च दाबाचा ऋण विद्युत्भार दिला जातो. तारेभोवतीची हवा आयनीभूत होते, धुरातील कण ऋणभारित होतात आणि भूसंलग्न भिंतीकडे खेचले जाऊन तिला चिकटतात. ठरावीक वेळाने भिंतीवर हातोडीने आघात केला की, साचलेली धूळ खालच्या कुंडीत पडते. वायू मात्र जवळजवळ विनाअडथळा पुढे निघून जातो. वायूला विशेष अडथळा नसल्यामुळे त्याला ढकलण्यासाठी फारशी शक्ती खर्ची पडत नाही. शेकडो घनमीटर वायू दर सेकंदाला हाताळणाऱ्या भट्ट्यांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा ठरला.

काही मित्रांच्या आर्थिक साहाय्याने कॉट्रेल यांनी कंपनी स्थापन केली. १९०७ साली दाखल केलेल्या अर्जावर ११ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व प्राप्त झाले.

सेल्बी आणि बालाक्लाला

पहिली खरी कसोटी पिनोलपासून जवळच असलेल्या सेल्बी येथील शिसे व मौल्यवान धातूंच्या कारखान्यात लागली. सामुद्रधुनीपलीकडील बेनिशिया परिसरातील रहिवाशांनी व शेतकऱ्यांनी या कारखान्याच्या धुराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली होती. येथील धूर तीन प्रकारचा होता. सोने व चांदी वेगळी करताना गंधकाम्ल उकळविले जाई, त्याचे दाट धुके हा पहिला प्रकार. भर्जन भट्ट्यांचा धूर हा दुसरा, तर झोत भट्ट्यांचा धूर हा तिसरा.

झोत भट्टीचा धूर कापडी पिशव्यांतून गाळून घेण्याची पद्धत तेव्हा प्रचलित होती. परंतु भर्जन भट्टीच्या धुरात शिसे व आर्सेनिक यांच्या जोडीला गंधकाम्लाचा अंशही असतो. तो कापडाला जाळून टाकतो, म्हणून तेथे पिशव्या टिकत नसत. पत्रा आणि तार यांना मात्र, योग्य धातू निवडल्यास, या आम्लाची फारशी भीती नव्हती. कॉट्रेल यांनी प्रथम आम्लाच्या धुक्यासाठी शिशाच्या पत्र्यांचा कक्ष उभारला आणि ते धुके द्रवरूपात हाती येऊ लागले. त्यानंतर भर्जन भट्टीच्या धुराड्यातील पांढरा लोटही त्यांना आटोक्यात आणता आला.

उत्तर कॅलिफोर्नियातील बालाक्लाला कंपनीच्या तांब्याच्या कारखान्यात १९१० साली याहून कितीतरी मोठी यंत्रणा उभी राहिली. तिने धुळीचा मोठा भाग पकडला. पण गंधक डायॉक्साइड हा खराखुरा वायू आहे. त्यात कण नसतात आणि म्हणून विजेच्या तारेचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. शेतकऱ्यांच्या पिकांचे नुकसान थांबले नाही आणि १९११ साली कारखान्याची भट्टी विझली. कॉट्रेल यांच्या चरित्रात या घटनेला सहसा दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ती अधिक जागेस पात्र आहे. यंत्राची मर्यादा तिने पहिल्या चार-पाच वर्षांतच उघड केली होती : जे कणरूपात आहे तेच पकडले जाईल, जे वायुरूपात आहे ते सुटून जाईल.

आर्सेनिकच्या बाबतीत ही मर्यादा तापमानाशी निगडित आहे. भर्जन भट्टीतून निघताना आर्सेनिक ट्रायॉक्साइड, म्हणजेच मराठीत ज्याला सोमल म्हणतात ते विष, बाष्परूपात असते. वायू गरम असतानाच तो विद्युत् कक्षात नेला तर तांबे व शिसे यांची धूळ खाली बसते आणि सोमल पुढे निसटतो. वायू थंड केला की सोमल गोठून त्याचे कण बनतात आणि ते पकडता येतात. त्यामुळे आधी उष्ण कक्षात मौल्यवान धूळ व नंतर शीत कक्षात सोमल, असे दोन टप्पे करण्याची सोय झाली. तापमान हे जणू चाळणीचे काम करू लागले.

अ‍ॅनाकोंडाचे धुराडे

या प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप मोंटाना राज्यातील अ‍ॅनाकोंडा येथे दिसले. तेथील तांब्याचा प्रचंड कारखाना १९०२ साली सुरू झाला आणि त्याच हिवाळ्यात डियर लॉज खोऱ्यातील गुरे, घोडे व मेंढ्या मरू लागल्या. गवतावर सोमलाचा थर बसत होता. कंपनीने शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली आणि टेकडीवर अधिक उंच धुराडे बांधून धूर दूरवर पसरविण्याचा मार्ग पत्करला. त्यानंतर हार्किन्स आणि स्वेन या रसायनशास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीत त्या धुराड्यातून दररोज वीस टनांहून अधिक सोमल बाहेर पडत असल्याचे आढळले. शेतकऱ्यांनी पुन्हा दावा दाखल केला, परंतु १९०९ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

पुढे केंद्र सरकारने सरकारी वनांच्या हानीवरून कंपनीला जाब विचारला आणि १९११ साली धूर आयोग नेमण्यात आला. त्याच वर्षी कॉट्रेल विद्यापीठ सोडून अमेरिकेच्या खाण विभागाच्या सेवेत दाखल झाले होते व भट्ट्यांच्या धुराचा प्रश्न हा त्यांच्या कामाचा प्रमुख भाग होता. दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांनंतर अ‍ॅनाकोंडा येथे कॉट्रेल पद्धतीचे भव्य कक्ष उभारण्यात आले आणि १९१९ साली ५८५ फूट उंचीचे नवे धुराडे त्यांना जोडण्यात आले.

आता सोमल हवेत न जाता कंपनीच्या कोठारात साठू लागला. त्याचे करावयाचे काय, हा नवा प्रश्न होता. त्याचे उत्तर बाजारपेठेने दिले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या बोंडावर भुंग्याने थैमान घातले होते आणि १९२० च्या दशकात त्यावर कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी मोठ्या प्रमाणावर फवारली जाऊ लागली. फळबागांसाठी शिशाचे आर्सेनेट वापरले जाई, लाकूड टिकविण्यासाठीही सोमलाला मागणी होती. मोंटानाच्या गवतावर जे पडत होते, ते आता डब्यांत भरून विकले जाऊ लागले आणि दुसऱ्या कुठल्या शेतावर जाऊन पडू लागले. याचा दोष एकट्या कॉट्रेल यांच्या माथी मारता येणार नाही; परंतु विष पकडल्यावर त्याची वाट कोठे लागते, हा प्रश्न त्यांच्या यंत्राच्या कक्षेबाहेरच राहिला, हेही नाकारता येत नाही.

धुळीला किंमत असल्याचा लाभ अन्य उद्योगांनाही झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील सिमेंट कारखान्याची धूळ संत्र्यांच्या बागांवर पडत असल्याने तेथे ही यंत्रणा बसविण्यात आली. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारे पोटॅश बंद झाल्यावर सिमेंटच्या या धुळीतून ते मिळविता येऊ लागले.

एकस्वाचे दान

कॉट्रेल यांचे नाव शास्त्रज्ञांत आदराने घेतले जाते ते केवळ यंत्रासाठी नव्हे. एकस्वातून मिळणारे उत्पन्न स्वतःकडे न ठेवता त्यातून वैज्ञानिक संशोधनास मदत व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ते वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला देऊ केले. व्यापारी व्यवहार थेट हाती घेणे संस्थेला उचित वाटले नाही, म्हणून संस्थेचे सचिव चार्ल्स वॉलकॉट यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे रिसर्च कॉर्पोरेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. पश्चिमेकडील काही राज्ये वगळता अमेरिकेतील एकस्वाचे हक्क तिच्याकडे सोपविण्यात आले.

या संस्थेने पुढे ज्या कामांना हातभार लावला, त्यांची यादी लक्षणीय आहे. रॉबर्ट गॉडर्ड यांचे अग्निबाणाचे प्रयोग आणि अर्नेस्ट लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन यांना तिने अर्थसाहाय्य दिले. ब-१ जीवनसत्त्वाचे संश्लेषण करणारे रॉबर्ट विल्यम्स यांच्या एकस्वाचे व्यवस्थापनही याच संस्थेने केले. विल्यम्स यांचा जन्म आंध्रातील नेल्लोरचा होता, ही गोष्ट येथे सहज आठवते. धुराड्यातील शिसे आणि सोमल यांच्या कमाईवर अणुविज्ञान व आहारशास्त्र यांचे प्रयोग चालले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ही संस्था आजही कार्यरत असून तरुण अध्यापकांसाठी कॉट्रेल यांच्या नावाने पुरस्कार देते.

स्वतः कॉट्रेल सरकारी सेवेतच राहिले. १९२० साली काही महिने ते खाण विभागाचे संचालक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा करण्याच्या योजनेस त्यांनी चालना दिली. १९२२ ते १९३० या काळात त्यांनी हवेतील नायट्रोजनपासून खते बनविण्यासंबंधीच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविले. १९१९ साली पर्किन पदक व १९२० साली विलर्ड गिब्स पदक देऊन त्यांचा गौरव करण्यात आला.

त्यांच्या एका छंदाचा उल्लेख भाषेच्या अभ्यासकास टाळता येत नाही. जगातील शास्त्रज्ञांना परस्परांशी बोलता यावे म्हणून एक सोपी कृत्रिम भाषा असावी, असे त्यांना मनापासून वाटे. महायुद्धानंतर त्यांनी हा विषय आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांपुढे नेटाने मांडला. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये याच हेतूने जी संघटना स्थापन झाली, तिच्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्या संघटनेने तयार केलेली इंटरलिंग्वा ही भाषा १९५१ साली प्रकाशात आली, तेव्हा कॉट्रेल हयात नव्हते.

१६ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्कली येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अधिवेशन सुरू होते. सभागृहात बसले असतानाच कॉट्रेल कोसळले व त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७१ वर्षांचे होते.

जस्ताच्या आधुनिक भर्जन भट्टीत, जशी राजस्थानातील चंदेरिया येथे आहे, बाहेर पडणारा वायू सर्वसाधारणपणे प्रथम उष्ण विद्युत् कक्षातून जातो, मग पाण्याच्या फवाऱ्याने थंड केला जातो आणि आम्लाचे धुके व उरलेले आर्सेनिक ओल्या विद्युत् कक्षात अलग केले जाते. शुद्ध झालेल्या वायूपासून गंधकाम्ल बनते. बालाक्लाला येथे जो गंधक डायॉक्साइड सुटून गेला होता, त्याला अशा रीतीने उपयोगात आणले जाते. येथेही वायू स्वच्छ हवा असतो तो उत्प्रेरक निकामी होऊ नये म्हणून. पिनोल येथे कॉट्रेल यांना भेडसावणारी अडचण नेमकी हीच होती.

पारा मात्र थंड वायूतही बाष्परूपात राहतो आणि विद्युत् कक्षातून निसटतो. त्यासाठी वेगळा रासायनिक उपाय शोधावा लागला. १९७० च्या दशकात नॉर्वेतील ओद्दा येथील जस्ताच्या कारखान्यात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने वायू धुऊन पारा कॅलोमेलच्या रूपात खाली बसविण्याची पद्धत विकसित झाली. शिसे, जस्त, तांबे व सोने यांच्या भर्जन व प्रगलन भट्ट्यांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यावर नियंत्रण ठेवणे हे २०१३ साली संमत झालेल्या मिनामाता कराराने सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केले असून भारताने २०१८ साली या करारास अनुसमर्थन दिले आहे.

अ‍ॅनाकोंडा येथील कारखाना १९८० साली बंद झाला आणि १९८३ साली तो परिसर अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत समाविष्ट करण्यात आला. कारखान्याच्या इमारती पाडण्यात आल्या. १९१९ सालचे धुराडे मात्र अद्याप उभे आहे. सभोवतालच्या मातीत आर्सेनिक असल्यामुळे पर्यटकांना ते दुरूनच पाहावे लागते.